पाणबुड्याचं छोटं वाहन आखताना: हिशेब सिलिंडरपासून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही यांत्रिकी अभियंते आहात, हौसेने स्कूबा करता आणि एकाच पाणबुड्याला स्वार होऊन चालवता येईल असं विजेवरचं छोटं वाहन बनवायचं मनात आहे. खोली ३० मीटर, वेग ताशी ६ किलोमीटर, एका चार्जमध्ये दोन तास. मोटर कुठली घ्यावी आणि कवच कशाचं करावं, एवढंच तुम्ही विचारलं आहे.

अशी वाहनं आखणं, पाण्यात उतरवणं आणि बिघडलेली उघडून पाहणं यात माझी बरीच वर्षं गेली. मोटरचं उत्तर देतो, पण थोडं पुढे. त्याआधी तुमच्या तीन आकड्यांपैकी वेग आणि वेळ हे दोन तुम्ही स्वतःच खाली आणाल, अशी माझी खात्री आहे.

सुरुवात सिलिंडरपासून करू. १२ लिटरचं सिलिंडर २०० बारपर्यंत (१ बार म्हणजे साधारण हवेचा नेहमीचा दाब) भरलं की त्यात २,४०० लिटर हवा मावते. शेवटचे ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव. उरली १,८०० लिटर. वाहनामागे शांतपणे ओढला जाणारा पाणबुडा पृष्ठभागावरच्या मापाने मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो असं धरा. २० मीटर खोलीवर एकूण दाब तिप्पट, म्हणून तिथे मिनिटाला ६० लिटर. म्हणजे अर्धा तास. बॅटरी दोन तासांची असो वा दहा तासांची, हवा अर्ध्या तासाचीच आहे.

आता त्याच खोलीवर वाहन बंद पडलं असं समजा. वाहनाने मिनिटाला ४५ मीटर जाता येतं; पाय मारत परतताना, अंगावर सगळा सरंजाम असताना, मिनिटाला १५ मीटर झाले तरी पुष्कळ. शिवाय आता मेहनत आहे, थोडी घाबरगुंडीही आहे, म्हणून पृष्ठभागाच्या मापाने ३० लिटर, म्हणजे खोलीवर मिनिटाला ९० लिटर. जाताना वाहनावर काढलेल्या प्रत्येक मिनिटामागे ६० लिटर जातात आणि तेच अंतर पोहत परतायला तीन मिनिटं, म्हणजे २७० लिटर लागतात. १,८०० लिटरला ३३० ने भागा: साडेपाच मिनिटं, सुमारे २४५ मीटर. त्याच्या पलीकडे बंद पडलात तर तळाशी राहून पोहत परतायला हवा पुरत नाही. उघड्या पाण्यात, सावकाश वर येऊन पृष्ठभागावरून परतता येत असेल तर हे बंधन सैल होतं. पण वर बोटींची वर्दळ असेल, प्रवाह उलटा असेल किंवा डोक्यावर कडा असेल तर हाच आकडा खरा.

म्हणून माझी पहिली अट अशी, की वाहन कुठल्याही क्षणी सोडून देता आलं पाहिजे आणि सोडल्यावर पाणबुड्याकडे परतीची हवा उरली पाहिजे. पुढचं जवळजवळ सगळं या अटीतून निघतं.

आता वेग. पाण्याचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. आडवा, नीटनेटका पाणबुडा सिलिंडरसकट धरला तर समोरचं क्षेत्रफळ आणि आकाराचा गुणांक यांचा गुणाकार ०.१५ चौरस मीटरच्या आसपास धरून मी हिशेब सुरू करतो. सेकंदाला १ मीटर, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर वेगाला अवरोध सुमारे ७७ न्यूटन, म्हणजे ७७ वॉट उपयुक्त शक्ती. प्रोपेलर, मोटर आणि कंट्रोलर मिळून ४५ टक्के कार्यक्षमता साधली तर बॅटरीतून साधारण १७० वॉट जातात. तुमच्या ताशी ६ किलोमीटरला तोच आकडा ७९० वॉटवर जातो. दोन तासांना जवळपास १.६ किलोवॉट-तास. वाहनाचा स्वतःचा अवरोध यात अजून धरलेलाच नाही.

त्या वेगाला माणसाचं काय होतं हेही बघा. सेकंदाला १.६७ मीटर वेगाने समोरून येणारं पाणी थांबलं की सुमारे १४ सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा दाब देतं. रेग्युलेटरचा दुसरा टप्पा, म्हणजे तोंडात धरायचा भाग, तीन-चार सेंटीमीटरच्या ओढीलाच उघडतो. मान थोडी वळली आणि पर्जचं (हवा मुद्दाम सोडण्याचं) बटण प्रवाहासमोर आलं की रेग्युलेटर आपोआप हवा सोडू लागतो, मास्क कडेने उचलला जातो आणि अंगावरून वाहणारं पाणी उष्णता भराभर पळवतं. सेकंदाला १ मीटर हा वेग सुखाचा आहे. मी त्यापुढे जात नाही. पुढे काचेचा पडदा लावला तर थोडं वाढवता येईल, पण पाण्याखाली दिसतं किती, हाही प्रश्न असतोच. पाच मीटर दृश्यता असताना समोरचा खडक तीन सेकंदांवर असतो.

आकाराबद्दल. हातात धरून ओढून नेणारं, स्वार होऊन बसण्याचं आणि पाण्याने भरलेल्या कवचात आत शिरून चालवण्याचं, असे तीन प्रकार तुमच्यापुढे आहेत. (कोरडी, आत हवेचा साधा दाब असलेली पाणबुडी हा वेगळाच विषय आहे, तिथे कवच फुटलं की माणूस जातो. पहिल्या प्रयत्नात तिकडे वळूच नका.) तिसरा प्रकार दिसायला देखणा आणि अवरोधही कमी, पण कवचात ३०० लिटर पाणी अडकलं तर ते ३०० किलोंहून जास्त वस्तुमान तुम्हालाच वेगात आणायचं आणि थांबवायचं असतं. दाराच्या चौकटीत श्वासाची नळी अडकली तर बाहेर पडणंही अवघड. स्वार होण्याचा प्रकार जुना आहे. १९४१ च्या डिसेंबरात इटलीच्या नौदलाचे पाणबुडे असल्याच मंदगती टॉर्पेडोंवर बसून अलेक्झांड्रिया बंदरात शिरले आणि ब्रिटिशांच्या 'क्वीन एलिझाबेथ' आणि 'व्हॅलियंट' या युद्धनौका त्यांनी निकामी केल्या. त्यातल्या एका वाहनाच्या प्रोपेलरमध्ये तार गुंतली आणि लुईजी दुरांद दे ला पेन्ने या अधिकाऱ्याला ते तळाच्या चिखलातून हाताने ओढत न्यावं लागलं. प्रोपेलरला जाळी आणि भोवती नळीसारखं वेष्टण कशाला हवं, हे मला कुणी विचारलं की मी हाच प्रसंग सांगतो.

तुमच्यासाठी माझी शिफारस: ओढून नेणारं वाहन, हवं तर पोटाखाली येणाऱ्या छोट्या खोगिरासकट. ओढ हातांवर कधीच घेऊ नका. वाहनाची दोरी पाणबुड्याच्या पायांमधल्या पट्ट्यावरच्या कडीला अडकवायची, हात फक्त दिशेसाठी. दोरीची लांबी अशी की प्रोपेलरचा झोत छातीखालून जाईल, अंगावर आदळणार नाही. झोत अंगावर आला तर बराचसा जोर स्वतःलाच मागे ढकलण्यात जातो. आणि मोकळी सुटलेली दोरी कशीही फिरली तरी प्रोपेलरपर्यंत पोहोचू नये, एवढी ती आखूड असावी. तिची कडी एका हाताने, जाड हातमोज्यातही, ताण असताना सुटली पाहिजे.

तरंगण्याच्या हिशेबाला मी सर्वांत जास्त वेळ देतो आणि नवे लोक सर्वांत कमी. समजा वाहन पाण्यात ३ किलोंनी जड आहे. चालवताना पाणबुडा आपल्या जॅकेटमध्ये (तरंगणं जुळवायला हवा भरता-सोडता येते ते) हवा भरून ते वजन नकळत सावरतो. मग काही कारणाने वाहन सोडतो. त्याच क्षणी तो ३ किलोंनी हलका होतो आणि वर निघतो. वर जाताना जॅकेटमधली हवा फुगते, तो आणखी वेगाने वर जातो. वाहन हलकं असेल तर उलटं: ते सुटतं आणि माणूस खाली जातो. म्हणून फरक दोन-तीनशे ग्रॅमच्या आत हवा. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. वाहनाच्या बंद भागांनी ४० लिटर पाणी बाजूला सारलं तर समुद्र आणि तळं यांत एका किलोचा फरक पडतो. तेवढी वजनं काढता-घालता येतील अशी खोबण आधीच आखा, आणि ती पुढे-मागे सरकवता यावीत म्हणजे नाक वर-खाली झुकणार नाही. वजनाचा मध्य तरंगण्याच्या मध्याच्या खाली राहू द्या. मग वाहन स्वतःहून सरळ होतं.

तरंगण्यासाठी भर म्हणून साधा फोम वापरू नका. ३० मीटरवर तो दबतो आणि पृष्ठभागावर जुळवलेलं गणित खाली चुकतं. काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्या रेझिनमध्ये बसवलेला सिंटॅक्टिक फोम दाबाखाली आकार टिकवतो. आणि एक प्रसंग कागदावरच तपासून ठेवा: २० लिटरच्या बंद कवचात पूर्ण पाणी शिरलं तर वाहन एकदम २० किलोंनी जड होतं. पाणबुड्याचं जॅकेट तेवढं उचलेलच असं नाही. इथेही उत्तर तेच, कडी सोडता आली पाहिजे.

आता कवच. दाबाची टाकी आखण्याची सवय असलेल्या अभियंत्याची इथे हमखास चूक होते, कारण दाब बाहेरून येतो. एक उदाहरण घ्या. २०० मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची नळी. ६० मीटरवर बाहेरचा जादा दाब ६ बार. भिंतीतला ताण काढला तर येतो २० मेगापास्कल. ६०६१-टी६ मिश्रधातूची सहनशक्ती २७५ मेगापास्कलच्या आसपास. वाटतं, नळी तेरापट मजबूत आहे. पण पातळ नळी ताणाने तुटण्याआधी आकार सोडून चेपते, आणि चेपण्याचा दाब जाडी आणि त्रिज्या यांच्या गुणोत्तराच्या घनावर ठरतो. लांब नळीसाठी तो हिशेब केला तर हीच नळी साधारण ५३ मीटरवर चेपते. जाडी फक्त ४ मिलिमीटर करा, तोच आकडा १२५ मीटरच्या आसपास जातो. एका मिलिमीटरने एवढा फरक! दोन्ही टोकांची झाकणं आणि आतल्या कड्या नळीला आधार देतात हे खरं, पण नळी जरा अंडाकृती असली तरी ताकद घटते. म्हणून आधाराचा फायदा मी हिशेबात धरत नाही. हौशी पाणबुड्यांची मर्यादा सर्वसाधारणपणे ४० मीटर मानली जाते. तुम्ही ३० लिहिलंत तरी कुणीतरी ४० ला नेणारच. चेपण्याची खोली १०० मीटरपेक्षा कमी होऊ देऊ नका. सपाट झाकणं आणि खिडक्या स्वतंत्रपणे तपासा, त्या वाकतात.

ॲल्युमिनियमला स्टेनलेसचे बोल्ट थेट लावले की खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजतं. ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर चढवलेला ऑक्साइडचा थर), प्लॅस्टिकचे बुश आणि वॉशर, झिंकचा ॲनोड (ॲल्युमिनियमऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) आणि प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्याने धुणं, या चारही गोष्टी हव्यात.

पाणी आत शिरतं ते बहुतेक वेळा ओ-रिंगपाशी (झाकणाच्या खाचेत बसणारं रबरी कडं), आणि बहुतेक वेळा उथळ पाण्यात. खोलीवर दाब स्वतःच रिंगेला खाचेत दाबून बसवतो. पहिल्या दोन मीटरवर तो दाब नसतो, आणि तेव्हा रिंगेखालचा एक केस पुरतो. प्रत्येक झाकणाला दोन रिंगा, खाच अशी की रिंग सुमारे पाचव्या हिश्श्याने दबेल, हलकं ग्रीस, आणि डाइव्हच्या आधी निर्वात चाचणी. हातपंपाने आतला दाब निम्म्यावर आणायचा आणि तासभर मापक बघायचा. काटा हलला नाही तर पाण्यात जायचं. ही चाचणी मी स्वतः एकदाही चुकवत नाही. कवचाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात पाणी ओळखणाऱ्या दोन तारा ठेवा, त्याचा दिवा हँडलवर.

फिरणाऱ्या शाफ्टला कवचातून बाहेर काढणं ही सगळ्यांत नाजूक जागा. शक्य असेल तर ती जागाच ठेवू नका. हे झालं तुमच्या मोटरच्या प्रश्नाचं उत्तर: ब्रशलेस मोटर, जिचं वेटोळं इपॉक्सीत पूर्ण ओतलेलं आहे, लोहचुंबकांवर लेप आहे, बेअरिंग सिरॅमिकचे किंवा पॉलिमरचे आहेत आणि जी सरळ पाण्यातच फिरते. कवचातून बाहेर येतात त्या फक्त तीन न हलणाऱ्या तारा. दुसरा पर्याय चुंबकीय कपलिंग: मोटर कोरड्यात, प्रोपेलर ओल्यात, मध्ये अखंड भिंत. त्याचा मोठा गुण असा, की प्रोपेलर अडकला तर कपलिंग घसरतं आणि जोर मर्यादित राहतो.

प्रोपेलर मोठा आणि सावकाश फिरणारा घ्या. ८० न्यूटन जोर, सेकंदाला १ मीटर वेग असताना आदर्श, म्हणजे कुठल्याही घर्षणाशिवायची, कार्यक्षमता १० सेंटीमीटर व्यासाला ३६ टक्के, २० ला ५८ आणि ३० ला ७२ टक्के येते. वर धरलेले ४५ टक्के गाठायचे तर लहान पंखा घेऊन भागणारच नाही. प्रोपेलरभोवती नळी बसवली की कमी वेगाला जोर वाढतो आणि बोटं, केस, नळ्या बाहेर राहतात. मोठा प्रोपेलर फिरताना वाहनाला उलट्या दिशेने पीळ देतो, म्हणून मागे स्थिर पाती लावा. नाहीतर पाणबुड्याचं मनगट दर मिनिटाला तो पीळ सावरत राहतं.

बॅटरी. लिथियम-आयनला पर्याय उरलेला नाही, पण बंद कवचात तिच्याबद्दल धास्ती बाळगा. खारं पाणी आत शिरून तारांना लागलं की विद्युत अपघटनाने हायड्रोजन आणि क्लोरीन तयार होतात, आतला दाब वाढतो, आणि किनाऱ्यावर कुणी झाकणाची पकड सोडतो तेव्हा झाकण तोंडावर उडतं. दाब सोडणारी झडप प्रत्येक बंद कप्प्याला लागतेच. बॅटरीचा कप्पा वेगळा, चार्जिंग नेहमी पॅक बाहेर काढून. पाणबुडे विमानाने फिरतात, तेव्हा हेही लक्षात घ्या: १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी साधारणपणे केबिनमध्ये नेता येते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची प्रवासी सामानात चालत नाही. तुमचा १.६ किलोवॉट-तासांचा ठोकळा घरीच राहील. वाहनाचा अवरोध धरून २०० वॉट घेतले, तर १०० च्या आतले तीन पॅक तासाहून जास्त चालतात. हवा अर्धाच तास आहे, त्यामुळे राखीवही भरपूर झालं.

नियंत्रणाबद्दल मी जरा आग्रहाने बोलणार आहे. माझ्या सुरुवातीच्या एका वाहनात ट्रिगर सोडला की मोटर थांबायची, म्हणून मी निश्चिंत होतो. तलावात तीन मीटरवर चाचणी चालू असताना सहकाऱ्याने ट्रिगर सोडला आणि मोटर चालूच राहिली. दोरी अडकवलेली, वाहन गोल फिरवतंय, आणि त्याचा एक हात हँडलखाली सापडलेला. त्याने दुसऱ्या हाताने कडी सोडली म्हणून निभावलं. उघडून पाहिलं तर पॉवर ट्रान्झिस्टर जळून शॉर्ट झाला होता. हे ट्रान्झिस्टर बिघडताना बहुधा असेच बिघडतात, चालू अवस्थेत. ट्रिगर तेव्हा काहीच करू शकत नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वाहनात मुख्य प्रवाह तोडणारा वेगळा स्विच असतो, वेगळ्या मार्गाने, वेगळ्या हाताला, आणि तो इलेक्ट्रॉनिक्सवर अवलंबून नसतो. ट्रिगरसाठी कवचाला भोक पाडू नका. बाहेर चुंबक, आत तो ओळखणारा हॉल सेन्सर पुरतो. सेन्सर दोन ठेवा, दोघांचं एकमत झालं तरच मोटर फिरेल.

वर येण्याचा वेग हा या वाहनांचा खरा धोका आहे. सुरक्षित मर्यादा मिनिटाला ९ मीटर सांगितली जाते. सेकंदाला १ मीटरने जाणारं वाहन नाक वर करून सोडलं तर ते मिनिटाला ६० मीटर. १० मीटरवरून पृष्ठभाग दहा सेकंदांत येतो आणि तेवढ्यात फुफ्फुसातल्या हवेचं आकारमान दुप्पट होऊ पाहतं. श्वास रोखलेला असेल तर इजा जीवघेणी असते. म्हणून दाबमापक बसवा, दोन सेकंदांची सरासरी घ्या, सेकंदाला १५ सेंटीमीटरपेक्षा वेगाने वर निघालं की आधी हँडल थरथरवा आणि मग जोर हळूहळू काढून घ्या. उतरतानाही अशीच मर्यादा हवी, कारण पहिल्या १० मीटरमध्ये कानांवर सर्वांत जास्त ताण येतो. वाहन हाती आलं की माणूस सहज वर-खाली, वर-खाली करत राहतो; डीकंप्रेशनच्या (शरीरात विरघळलेला वायू सावकाश बाहेर पडण्याच्या) दृष्टीने ते वाईट आहे, आणि ही मर्यादा त्यालाही आवर घालते.

चाचण्यांचा क्रम असा ठेवा. कवच रिकामं, बॅटरीशिवाय, दोरीला बांधून ६० मीटर खोल सोडायचं आणि वर काढून टिपकागदाने आतून पुसायचं. मग तलावात तरंगण्याचं जुळवणं, मग दोरीने बांधून जोर मोजणं. शेवटची चाचणी १० मीटरवर, सोबत दुसरा पाणबुडा. चालू वाहनावरून ट्रिगर न सोडता मुख्य स्विच तोडायचा, डोळे मिटून कडी सोडायची आणि वाहनापासून दोन्ही हात दूर न्यायचे. दोघंही, वाहन आणि माणूस, होते त्याच खोलीवर अर्धा मिनिट राहिले पाहिजेत. माणूस वर सरकला तर वजनं पुन्हा जुळवा. कडी शोधायला पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर कडीची जागा बदला. हे तीन वेळा लागोपाठ जमेपर्यंत समुद्रात जाऊ नका.